टाटा करायची खिडकी

आस्गर मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या बालवाडीतून पळून चालला होता. बूट हातात, पायात नुसते मोजे, पाठ वाकवलेली, आणि मुलांच्या कोटांच्या रांगेआडून दाराकडे एकेक पाऊल. बाहेर आमच्या एस्बियर्ग बंदराचा पाऊस आडवा झोडपत होता. मी, मारेन, इथली शिक्षिका, चिखलाची बादली घेऊन आत शिरत होते, आणि दारातच आमची टक्कर झाली.

"शू..." तो ओठांवर बोट ठेवून म्हणाला. "खेळतेय ती. लक्ष नाही तोवर सटकतो."

"सटकतोस? पोटच्या पोरीला फसवून?"

"फसवून कसलं? टाटा केलं की रडते."

"मग रडू दे."

"फारच प्रेमळ आहेस," तो हसला आणि तसाच, मोज्यांनिशी, डबक्यातून गाडीकडे गेला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचाही मला राग आला.

त्याची मुलगी व्हिगा, तीन वर्षांची, आमच्याकडे नवीन. बाबा नाही हे कळल्यावर ती रडली नाही. दाराच्या मुठीवर एक हात ठेवून दिवसभर उभी राहिली. वाळूत आली नाही, चिखलात आली नाही, डब्यातला काळा पावसुद्धा तिने उभ्यानेच खाल्ला. लोकांना वाटतं, बालवाडी म्हणजे मुलं ठेवायची जागा. रडत नाही ना, मग झालं. अरे, मूल शिकतं ते पाणी वाळूत ओतून, एका फावड्यावरून भांडून, पडून, पुन्हा उठून. त्याला दोन्ही हात मोकळे लागतात. दाराची राखण करणारं पोर काय शिकणार, कपाळ?

संध्याकाळी मी त्याला गाठलं. "तुझी मुलगी दिवसभर खेळली नाही."

"रडली?"

"नाही."

"मग बरं आहे की. खेळवायचं काम तुमचं—"

"खेळवायचं?" माझा आवाज चढला. "साडेतीन वर्षं शिकलेय मी यासाठी. तू समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतोस ना? मी म्हणू, पंखे पुसायला जातोस?"

"थोडंफार तसंच आहे," तो म्हणाला. पुन्हा ती खळी.

"उद्या खिडकीशी यायचं. तिला सांगायचं, जातोय, अमुक वेळी येईन. मग बाहेरून टाटा. मग जायचं, आणि परत फिरायचं नाही."

आमची टाटा करायची खिडकी पार खाली आहे. मुलांच्या हनुवट्यांनी तिच्या काठाचा रंग उडालाय, आणि बुटक्यांसाठी एक लाकडी खोकं ठेवलंय. दुसऱ्या दिवशी आस्गरने तिथे उभं राहून कसाबसा हात हलवला. व्हिगाने असं भोकाड पसरलं की माझी सहकारी डोर्टे हिच्या हातातली कॉफी सांडली. मी तिला मांडीवर घेतलं आणि सगळ्या मुलांना सांगते तेच सांगितलं, "रड तू. रडून झालं की चिखलात जाऊ."

तिचं रडून झालं. तिने गमबूट चढवले आणि जेवणापर्यंत चिखलात एक नदी खणली. दोन्ही हातांनी.

कुंपणाबाहेर सायकलींच्या छपराखाली आस्गर चिंब उभा होता. गेलाच नव्हता.

"थांबली का रडायची?" त्याने विचारलं.

"केव्हाच. तू कधी थांबणार?" मी म्हणाले, कारण त्याचे डोळे पावसाने लाल झाले नव्हते.

मग रोजची सकाळ म्हणजे तमाशाच झाला. हात हलवत तो उलटा चालायचा. एकदा सायकलींच्या स्टँडवर जाऊन आपटला, आणि खिडकीला चिकटलेली सगळी मुलं टाळ्या पिटायला लागली.

"हा टाटा व्हिगाला होता की तुला?" डोर्टेने विचारलं.

"व्हिगाला."

"मारेन, व्हिगा मघाशीच चिखलात गेलीय."

एका संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर त्याने माझा हात हातात घेतला. "तुझ्या बोटांना नेहमी वाळू असते..."

"धंद्याची आहे. झटकू नकोस."

"शनिवारी जेवायला ये. मासे मी तळीन."

शनिवारी मी गेले. केस धुऊन, दालचिनीचे गोड पाव घेऊन. घरात अंधार. घंटा वाजवली, पुन्हा वाजवली, आणि पावसात पाव भिजले.

सोमवारी व्हिगाला तिची आजी घेऊन आली. "हवा बरी मिळाली म्हणून पवनचक्क्यांकडची बोट शुक्रवारीच सुटली. तुला बोलला नाही?"

"बाबाने मला टाटा केला," व्हिगा म्हणाली. "मोठ्ठा. दोन रविवार झाले की येणार."

म्हणजे याला सगळं येत होतं. टाटा कसा करायचा हे पाठ होतं, आणि माझ्या वेळी पुन्हा बूट हातात घेऊन सटकला. मी इतकी संतापले की सफरचंदं कापण्याऐवजी ठेचली. आणि तरी, गाडीचा आवाज आला की मान फाटकाकडे वळायची. एका पोराला मी दोन्ही बूट उलटे घातले.

व्हिगा आली. चिखलाचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "मारेन, रड तू. रडून झालं की चिखलात जाऊ."

"मी रडत नाहीये. वारा आहे."

 मी मुलांसाठी थांबते, तशी ती थांबून राहिली.

तो परतला, खाऱ्या वाऱ्याने तोंड फुटलेलं.

"रागावलीस?"

"बोटीवर फोन लागतो ना?"

"लागतो."

"मग?"

"सांगितलं असतं तर तुझं तोंड उतरलं असतं... ते बघून निघायचं म्हणजे—"

"म्हणजे पुन्हा तेच. तुला बघवत नाही म्हणून दुसऱ्याला अंधारात ठेवायचं. मुलीसाठी शिकलास, आणि मी मोठी म्हणून मला काही लागत नाही? दोन आठवडे फाटकाकडे बघत काम केलंय मी, आस्गर."

"फाटकाकडे बघत होतीस?"

"त्यात खूश व्हायचं कारण नाही."

"नाही," तो म्हणाला, आणि गंभीर झाला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे सांगायचं राहिलं होतं... आणि हे न सांगता टाटा करायचा धीर झाला नाही."

 माझा राग अजून संपला नव्हता. "ऐकलं," मी म्हणाले. "उत्तर तुला पुढच्या वेळी. कसा जातोस ते बघून."

पुढच्या वेळी व्हिगाला ताप होता; ती आजीकडे. म्हणजे त्या सकाळी त्याला बालवाडीत यायचं काहीच कारण नव्हतं. मी फळं कापत होते, आणि खिडकीच्या काचेवर टकटक झाली. खांद्यावर पिशवी, टोपीवरून पाणी निथळतंय. मी खिडकी उघडली.

"जातोय," तो म्हणाला. "दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तुझ्या दारात."

"माझंही आहे," मी म्हणाले. "प्रेम."

"हे आत्ता सांगतेस? आता जाऊ कसा?"

"जायचं. परत फिरायचं नाही."

तो गेला. उलटा, हात हलवत, सायकलींच्या स्टँडपर्यंत, आणि स्टँडवर आपटलासुद्धा. मी चांगली उंच आहे, तरी खोक्यावर चढले आणि तो वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. मग रडले. चांगली मोठ्याने, डोर्टेने कॉफी बाजूला ठेवावी इतकी.

रडून झालं. मी गमबूट चढवले आणि चिखलात गेले.