सोबती आणि इतर वजनं

कागदखान्यात शिरताना माणसाला काट्यावर उभं राहावं लागे, आणि बाहेर पडतानाही. पूर्वी कोण्या एका विद्वानाने कोटाच्या अस्तरात अख्खा नकाशासंग्रह घालून नेला होता. तेव्हापासून विद्वान आणि बटाटे यांत फरक करायचा नाही, असं वरच्यांनी ठरवलं. दारावरचे मामा वजन वहीत टिपत. शेवटचा रकाना 'फरकाचं कारण' असा होता. त्यात ते 'डबा संपवला', 'छत्री विसरले' असलं काहीबाही इमानाने लिहीत.

खोडरबरला हे सगळं हास्यास्पद वाटे. त्याला बहुतेक सगळंच तसं वाटे. तो तिथला सूचीकार, म्हणजे जुने कागद वाचायचे, त्यांची नक्कल करायची आणि सूचीत चढवायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्याची हयात जाणार हे ओळखून सहकाऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि तो गाढव ते पदकासारखं मिरवत होता. ज्यांचे कागद तो वाचायचा, त्यांच्याबद्दल त्याचं मत पक्कं होतं: मरणं हे त्यांच्या हातून झालेलं एकमेव शहाणपणाचं काम.

त्या आठवड्यात त्याच्यापुढे एका बलूनवाल्याची नोंदवही आली. दीडशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ सोबत्याला घेऊन वर गेला आणि एकटाच खाली आला. बलून खाली बसू लागलं, तेव्हा भार हलका करायला सोबत्याने आपणहून उडी घेतली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्याबद्दल पदक मिळालं ते मात्र यालाच.

सोबत्याची पणती आता स्वतःच आजी झाली होती. रोज पावणेपाचला ती खोडरबरच्या टेबलाशी येऊन उभी राही.

"लागलं का हो काही?"

"आजी, दीडशे वर्षं थांबलात, दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"शुक्रवारी स्मारकाचा दगड कोरणारा येतोय. आमचे पणजोबा माळ्याच्या शिडीवर चढायला घाबरायचे म्हणे. ते उडी मारतील? स्वतःहून गेले की घालवले, एवढंच सांगा. मला दगडावर खोटं नको."

ती गेल्यावर संग्रहपाल बाई टेबलापाशी आल्या. "वाचता येत नाही तिथे टिंबं द्यायची. तुमची अक्कल नको. मागच्या वेळी एका खलाशाचं लग्न लावून दिलंत तुम्ही."

"बिचारा एकटा होता, बाई."

"टिंबं," बाई म्हणाल्या.

मंगळवारी त्याने पहिलं पान उतरवलं. 'खाली येत आहोत. वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या. चार किलो.' सकाळी त्याचं वजन बासष्ट होतं. संध्याकाळी अठ्ठावन्न भरलं.

"काटा बिघडलाय," खोडरबर म्हणाला.

मामा स्वतः काट्यावर चढले. "एक्याऐंशी. लग्नापासून हेच आहे. जेवत चला, साहेब." मग कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'घाम.'

बुधवारी नांगर टाकला गेला, नऊ किलोचा. बलूनवाल्याने त्याचा आकारही काढून ठेवला होता. 'मूर्खाला चित्रकलाही येत नव्हती,' असं खोडरबर मनात म्हणाला. दुपारी त्याच्या कानांत दडे बसले. खोलीत ओल्या दोरखंडाचा वास येत होता. रोज करकरणारी त्याची खुर्ची दिवसभर गप्प होती. संध्याकाळी काटा एकोणपन्नासवर थांबला. मामांनी लिहिलं: 'काळजी.'

"कसली काळजी? मी कोणाचीच करत नाही," खोडरबर म्हणाला.

"ते दिसतंच," मामा म्हणाले.

गुरुवारी बूट, कोट आणि शिध्याची टोपली गेली. जिना चढताना पायऱ्या वाजेनात. बोटं इतकी गार पडली होती की तो ती काखेत धरून बसला. पावणेपाच होत आले असताना तो शेवटच्या पानावर आला. 'त्यानंतर सोबती' एवढं स्पष्ट होतं. पुढे हाताएवढा तपकिरी डाग. डागाच्या पलीकडे: 'गेला. लगेच वर चढलो.'

इथे टिंबं द्यायची होती. पण आजी दारात दिसली, आणि टिंबं दिली की ही बाई पुन्हा येणार, मग पुन्हा येणार. गोष्ट तर सगळ्या गावाला ठाऊक होती. त्याने टिंबांच्या जागी 'स्वतःहून' लिहिलं, खाली सही ठोकली आणि नक्कल तिच्या हातात दिली.

आजीने ती दोनदा वाचली. "म्हणजे आम्हीच उगाच संशय घेतला," ती हळूच म्हणाली. कागदाची घडी घालून निघाली.

वही पेटीत ठेवायला त्याने उचलली. खिडकीचं ऊन पानाच्या मागून आलं आणि डागातली अक्षरं उमटली.

'त्यानंतर सोबती काठाला धरून राहिला. बोटं एकेक करून सोडवली. गेला.'

खोडरबरने पेन्सिल उचलली. नकलेच्या दुसऱ्या प्रतीवर 'स्वतःहून' खोडायला त्याने रेघ मारली. रेघ उठेना. त्याने दोन्ही हातांनी दाबून मारली. कागद कोराच.

तो जिन्याकडे धावला. पायांखाली पायऱ्या लागत होत्या की नाही, कळत नव्हतं.

आजी काट्यावरून उतरत होती.

"आजी! ते खोटं आहे! थांबा!"

आजीने कोटाची कॉलर वर केली. "वारा सुटलाय," ती मामांना म्हणाली आणि गेली.

तो काट्यावर चढला. काटा हलला नाही.

"मामा!"

मामांनी घड्याळ पाहिलं. पाच. जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "साहेब? बंद करतोय हो!" थोडं थांबले. मग वही उघडली.

वेळ: पाच. वजनाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली. कारणापाशी जरा अडले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि सावकाश लिहिलं: 'स्वतःहून गेले.'

दाराच्या चौकटीला खोडरबरने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्याच्या डाव्या हाताची करंगळी कोणीतरी अलगद उचलली.