पणजोबांचा कोट

स्वातंत्र्ययुद्धातले सैनिकांचे कोट संग्रहालयात मांडायचे होते. त्यांची डागडुजी शिंपिणीकडे आली आणि तिने ती हावरटासारखी झडप घालून घेतली. तिचे पणजोबाही शिंपीच. सुई खाली ठेवून लढायला गेले ते परतलेच नाहीत. लढता लढता पडले की पळाले, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. गावाला मात्र नेहमीच सगळं ठाऊक असतं. 'रफूचक्कर शिंप्याचं घर' हे नाव तीन पिढ्या चिकटून होतं. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचा जीव त्याच एका प्रश्नात अडकला होता.

"कॉलर, बटणं काय ती नीट करा. भोकांना हात लावायचा नाही," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "गोळीचं भोक म्हणजे पुरावा."

दुपारी एका कोटाचं बटण चाचपताना तिची बोटं थबकली. दोरा उलटा वळवून गाठ अस्तराच्या आत लपवलेली. अशी गाठ त्यांच्या घराबाहेर कोणी मारत नसे.

"साहेब, हा माझ्या पणजोबांचा कोट!"

"बाई, सुतावरून स्वर्ग गाठताय," साहेब हसले आणि चहाला गेले.

तिने कोट अंथरला. छाती धड होती. मग तो पालथा केला. भोक पाठीत होतं.

तिला रडू कोसळलं. आता बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? पण रडता रडताच तिचे हात शिवशिवले. कोटाच्याच शिवणीतून खाकी धागे काढून ती भोक बुजवत बसली. कापड उबदार लागत होतं, आत्ताच कोणी अंगातून काढल्यासारखं. खिडकीतलं ऊन असेल, असं तिने मनाला समजावलं. दर टाक्याला ते किंचित आक्रसत होतं, त्याचं काय, ते तिने मनाला विचारलं नाही. शेवटची गाठ तिने घरच्या रीतीने आत लपवली.

घरी बाबा कुशीवर पडले होते.

"बाबा, पणजोबा सापडले. गोळी छातीवर झेलली त्यांनी."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "पाठ नाही दाखवली म्हणजे."

"नाही, बाबा."

तिचा जीव भांड्यात पडला.

"जरा माझ्या पाठीला बघ गं. दुपारपासून सारखं टोचतंय."

घामाने चिकटलेल्या मलमलीच्या सदऱ्यावर खाकी धाग्याचे बारीक टाके दिसत होते. तिचेच.

तिने सदरा वर सरकवला.

टाके जागचे हलले नाहीत. गाठ मात्र कुठेच दिसत नव्हती.