धरणाच्या तळाशी समुद्र

कालिंदीची म्हैस दावं तोडून पळाली, ती थेट माजलगाव धरणाच्या कोरड्या पात्रात. त्या दुष्काळात दूध संघानं काठावरच चारा छावणी उघडली होती. वडवणीहून सुंदरराव आपली जनावरं घेऊन आले होते आणि सोबत त्यांची लेक कालिंदी. ती धापा टाकत पोचली, तेव्हा एका तरुणानं म्हशीचं दावं पकडलं होतं आणि तिच्या कपाळावर थोपटत तो म्हणत होता, "दुआ... रुआ... तोलू..."

"कुणासाठी दुआ मागताय?" कालिंदीनं विचारलं.

तो दचकला, मग हसला. "दुआ न्हाई ओ. फिजी बेटावरचं एक, दोन, तीन. तोंडपाठ करायलोय."

तो नांदूरघाटचा धर्मराज. आईवडील ऊसतोडीला गेले, म्हणून छावणीत बैल सांभाळायला आलेला. पुण्यात तो भाषांचा अभ्यास करत होता, तोही प्रशांत महासागरातल्या बेटांच्या.

"इथं प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी समुद्राचं शिकताय?"

"मग काय करू? तुमची म्हैस तरी ऐकून घेतीय."

दुसऱ्या दिवशी म्हैस पळाली नाही. तरी कालिंदी पात्रात उतरली... उगाच, वारं खायला.

धर्मराजनं काठीनं भेगाळलेल्या गाळावर बेटं काढली. दूर-दूर, मधे नुसता समुद्र. "फिजीत तीनला तोलू. इकडं न्यूझीलंडात माओरी लोक म्हणतात तोरू. अन् पार तिकडं हवाईत – कोलू."

कालिंदी खाली बसली. "एकच शब्द?"

"एकच. हजारो वर्षांखाली माणसं होड्यांत बसून निघाली. लिहिणं न्हाई, नकाशा न्हाई. चांदण्या बघत गेली. ज्या बेटावर उतरली, तिथं शब्द थोडा बदलला. कुठं ल चा र झाला, कुठं त चा क. पण शिस्तीत बदलला. म्हणून उलटं चालत गेलं, की मूळ शब्द सापडतो."

"आपण तुम्हीचं तुमी करतो, तसं?"

"अगदी तसंच!"

कॉलेजात त्याच 'तुमी'वरून तिला सगळे हसले होते. ती गाळावरच्या रेघांकडे बघत राहिली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण आता तो तिच्या पायाशी पसरला होता. अंगावर सरसरून काटा आला.

"पहिल्यांदा तोलू कोण म्हणलं असेल हो?" तिनं हळूच विचारलं.

"नाव कुणालाच ठाऊक न्हाई. पण त्याचा आवाज अजून चालूच हाय."

त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती. दोघांनीही नजर लगेच काढली नाही.

मग रोजच भेट होऊ लागली. एका संध्याकाळी मात्र त्यानं काठी हातात घेतलीच नाही.

"अभ्यासासाठी फिजीला बोलावलंय. दोन वर्षं." तो कसंबसं हसला. "माय म्हणती, तिथंबी ऊसच हाय, ऊसच बघायचा तर माजलगाव काय वाईट?"

कालिंदीला हसू आलं नाही. "सोमवारी मला बघायला यायलेत," ती म्हणाली.

वारा पडला. काठावर कुठंतरी बैलाची घंटा वाजली.

"कालिंदी... थांबशील?" पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता.

"मी काय टँकरच्या रांगेतली घागर हाय, थांबायला?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "मला न्या की सोबत. ती माणसं होडीत बसून गेली... बायकाबी असतीलच की त्यात!"

ती वळून काठाकडे चालू लागली. धर्मराज तिच्या मागोमाग तडक छावणीत गेला. सुंदरराव कडबा तोडत बसले होते.

"आप्पा, ह्यांना काहीतरी बोलायचंय," कालिंदी म्हणाली आणि छपराच्या मेढीच्या, त्या लाकडी खांबाच्या, आड झाली.

"मामा, मी... फिजी म्हणून बेट हाय... म्हणजे, कालिंदीला..." धर्मराजची जीभ अडखळली.

सुंदररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मेढीमागून दिसणाऱ्या लेकीच्या पदराकडे. कडबा खाली ठेवून ते उठले. छावणीत पाणी मोजून मिळायचं. तरी त्यांनी घागर कलती करून तांब्या काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

"बसा आधी," ते म्हणाले. "पाणी प्या. मग सांगा, कुठं नेताय माझ्या लेकीला."