नखांतला रंग

"भाऊ, तेवढा पंखा बघा ना... केव्हाचा खडखडतोय!"

कॉलेजच्या हॉलमध्ये समोर उभ्या माणसाच्या नखांत निळा रंग होता. भिंती रंगवायला आलेला असणार, असं गायत्रीला वाटलं. तोही मुकाट्याने खुर्चीवर चढला. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "गायत्री बोरसे, एमएस्सी केमिस्ट्री. तुमचे उद्योग-मार्गदर्शक, भूपेंद्र सोनवणे!"

"हजर," तो खुर्चीवरूनच म्हणाला.

गायत्रीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बमरोलीच्या मिलवस्तीत वाढलेली, वडील जन्मभर कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये राबलेले, आणि हिला मिलचा रंग ओळखता येऊ नये?

"बमरोलीनी शे का तू?" तिचा अर्ज वाचून त्याने विचारलं. साहेबाच्या तोंडून घरची अहिराणी ऐकून ती हसली, आणि तिथेच फसली.

सहा शनिवार, कॉलेजबाहेरच्या टपरीवर तासभर भेटायचं ठरलं. भूपेंद्र पांडेसऱ्याच्या एका मिलची लॅब सांभाळायचा. तो तिचा बायोडेटा खोडायचा, ती त्याची नखं वाचायची.

"आज गाजरी?"

"राणी. नापास!"

"हात नीट दाखवा, मग सांगते..."

हात पुढे यायचा, आणि चहा निवून जायचा.

चौथ्या शनिवारी मात्र नखं स्वच्छ होती. पाचव्याही. "मिलने हातमोजे दिले," तो म्हणाला आणि मास्तरासारखा कडक झाला. "कापडाचा लॉट फिका आलाय, माल घेणारी पार्टी दारात ओरडतेय. काय करशील?"

"रंग वाढवेन."

"चूक. आधी पाणी तपास." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आमच्याच लॅबमध्ये जागा निघालीये. बुधवारी मुलाखत आहे."

त्याच्याच लॅबमध्ये! गायत्रीला चार दिवस आनंदाने जेवण सुचेना.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला, आणि तिथल्या तिथे निवड झाली. तिने लाजत गुजरातीत विचारलं, "भूपेंद्रभाई क्यां छे?"

"एमने तो छूटा करी दीधा," मॅनेजर म्हणाला. "तमे एमनी ज जग्याए छो ने!" भूपेंद्रला कामावरून काढलं होतं, आणि ती त्याच्याच जागेवर आली होती.

सहाव्या शनिवारी ती त्याच्यावर तुटून पडली. "हातमोजे म्हणे! स्वतःची खुर्ची मला दिलीत? मी नाही जाणार!"

"नवं माणूस स्वस्त पडतं, गायत्री. कोणाला तरी घेणारच होते. मग तू का नको?"

"मला तुमच्या जागेवर नको होती नोकरी... तुमच्या शेजारी हवी होती."

त्याने कप खाली ठेवला. "माले बी तेच पाहिजे व्हतं," तो म्हणाला.

"मग मागा ना मला..."

"कोणत्या तोंडाने? तीन आठवडे नोकरीसाठी सगळ्या मिली पालथ्या घातल्या. उद्या शिरपूरला भावाकडे चाललोय, कायमचा."

"मी थांबा म्हटलं तर?"

"तर थांबेन. म्हणून म्हणू नकोस."

तिला वडिलांची छाती आठवली. मिलच्या वाफेने पार गेलेली. घरात सगळे तिच्या पहिल्या पगाराची वाट बघत होते. ती 'थांबा' म्हणाली नाही. त्याने तिच्या कॉलेजच्या मार्गदर्शन-फॉर्मवर सही केली, आणि पेन तिलाच देऊन गेला.

पुढच्या शनिवारी ती लॅबमधून सुटून टपरीवर गेली. नखांत मोरपंखी रंग भरला होता. तो चुकीचा ओळखायलाही समोर कोणी नव्हतं. घरी येऊन ती मोरीत साबणाने हात घासत बसली. हा रंग असा निघत नाही, हे माहीत होतं, तरी घासत राहिली.