अजून एक बैठक

त्याची उजवी तर्जनी स्ट्रायकरला टेकण्याच्या एक दशांश सेकंद आधी दचकायची. मागून कुणी हाक मारल्यावर माणूस दचकतो ना, अगदी तशी. मग स्ट्रायकर कुठे जाईल याचा नेम नसे. पहिल्या बैठकीत तो माझ्या चहाच्या कपात पडला, दुसऱ्या बैठकीत कपाटाखाली गेला.

मी रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर हातांची हालचाल मोजते. हातावर चकत्या चिकटवायच्या, तारा जोडायच्या, पडद्यावर उमटणारी स्नायूंची रेघ वाचायची आणि अहवाल लिहायचा. बहुतेकांना दोन बैठका पुरतात.

तो पहिल्यांदा आला, तेव्हा आधी दिसला तो कॅरमबोर्ड. दार अडवून उभा राहिलेला. त्याच्या दोन्ही कडांवर चार-चार बोटं आणि वरून डोकावणारा चष्मा.

“लिफ्टमध्ये मावला नाही,” चष्मा म्हणाला.

“दारातही मावत नाहीये.”

“तुम्ही ओढा. मी ढकलतो.”

मी ओढलं. चार मिनिटांनी एक कोपरा आत आला, त्यामागून बोर्ड, आणि त्यामागून तो – जवळजवळ माझ्या अंगावरच. पावडरचा बारीक वास आला. मी नको तितक्या घाईने घड्याळाकडे पाहिलं.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. “दिवसभर मोहरीहून बारीक स्क्रू बसवतो,” तो म्हणाला, “तिथे हे बोट कसं गुणी बाळासारखं वागतं! बोर्डासमोर बसलं की अंगात येतं त्याच्या. दादा म्हणतो, लक्ष दे. वहिनी म्हणते, लक्ष देऊ नकोस. दोघं एकाच वेळी म्हणतात.”

“आणि तुम्ही काय करता?”

“हरतो.”

दादा आणि तो जोडीने खेळत. नऊ वर्षं त्यांना कुणी हरवलं नव्हतं, आणि या वर्षी पहिल्या फेरीत कुणीही हरवत होतं. पुढे मोठी स्पर्धा होती. तिथेही हेच झालं, तर खेळ कायमचा सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. हे सांगताना तो हसला, पण रेघ हसली नाही. हात नुसता मांडीवर होता, तरी ती वर उसळली.

तिसऱ्या बैठकीत मी त्याला डाव्या हाताने दहा फटके मारायला सांगितले. केवळ तुलनेसाठी. दहाही चुकले.

“बघा, डावा तर मुळातच ढ आहे!” तो म्हणाला.

तो बोर्डाकडे बघत होता, मी पडद्याकडे. रेघ शांत होती. एकदाही दचकली नव्हती.

म्हणजे उत्तर मिळालं होतं. ही भीती नव्हती, की दुर्लक्ष नव्हतं; तसं असतं, तर डावाही दचकला असता. वर्षानुवर्षं फटक्याची तीच बारीक हालचाल करून उजव्या हाताला जडलेली ती खोड होती. हात बदलला की अशी खोड पुष्कळदा मागेच राहते. डाव्याला नेम शिकवायचा, एवढंच काम उरलं होतं. मी अहवाल लिहिला. शेवटी सही करायची, तर लेखणी टेकण्याआधी माझंच बोट अडखळलं.

“अजून एक बैठक लागेल,” मी म्हणाले.

“लागणारच,” तो पटकन म्हणाला.

चौथ्या बैठकीत मी त्याचा हात चहाचा कप धरताना मोजला. पाचव्यात बोलताना. सहाव्यात गप्प बसताना. ती फार लांबली, कारण तो गप्प बसेना.

“मोजणीबाई, तुमचा हात कधी कुणी मोजलाय?”

“गरज पडली नाही.”

“कप हलतोय तुमचा.”

“टेबल हलतंय.”

त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. “चारही पाय जमिनीवर आहेत हो त्याचे.”

सातव्या बैठकीनंतर आमच्या डॉक्टर मॅडमनी नोंदवही उघडली आणि चष्मा नाकावर खाली ओढला. “सात? या माणसाला बोट एकच आहे ना गं?”

मी मान खाली घातली. अहवाल खणात होता, सहीविना. तीन आठवड्यांहून जास्त.

आठव्या बैठकीला तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. आम्ही बोर्ड ओढला-ढकलला, पण या वेळी तो हसला नाही.

“स्पर्धेला एकोणीस दिवस राहिले. आज संध्याकाळी नाव मागे घेतोय. माझ्या जागी दादा शेजाऱ्याला घेईल,” तो म्हणाला. “तुम्ही खूप केलंत. बोटच माझं कर्मदरिद्री.”

मी खण उघडला. सही केली.

“नाव मागे घेऊ नका. डाव्या हाताने खेळा. त्याची रेघ स्वच्छ आहे. रोज दोन तास बसलात, तर एकोणीस दिवसांत पहिल्या फेरीपुरता नेम नक्की बसेल.”

त्याने कागद वाचला. मग तारीख वाचली. मग पुन्हा तारीखच वाचली.

“ही तर तिसऱ्या बैठकीची.”

“हो.”

“आज आठवी.”

“हो… मला मोजता येतं.”

“चार आठवडे वाया गेले माझे!”

त्याने चकत्या काढल्या, अहवाल खिशात घातला, बोर्ड उचलला आणि दाराकडे निघाला. मी सवयीने ओढायला पुढे झाले. त्याने बोर्ड नुसता तिरका केला. तो लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर गेला.

मी बघतच राहिले. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई मी, आणि आठ बैठका तो बोर्ड सरळ ओढत होते.

“हे… हे तुम्हाला कधीपासून येतं?”

“दुसऱ्या बैठकीपासून.” त्याचे कान लाल झाले होते. “मी डाव्या हाताने खेळणार. नाव राहू दे. पण समोर बसायला कुणीतरी हवं, आणि दादा लक्ष दे म्हणतो.” त्याने बोर्ड भिंतीला टेकवला. “आता तुमचं सांगा. पाच जादा बैठका. एक तर तुम्हाला काम येत नाही—”

“मला काम उत्तम येतं.”

“मग का?”

‘माहिती अपुरी होती’ हे उत्तर मी चार आठवडे पाठ केलं होतं. ते ओठांशी आलं, अडखळलं, आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

“तुम्ही यावं म्हणून,” मी म्हणाले. “आणि आजपासून समोर मी बसणार आहे.”