रबराचा थकवा

नागपूरच्या त्या बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, प्रयोगशाळेत सकाळीच पेढे आले. माणूस थकला की निरोपाचे पेढे वाटतात. इथे एक रबराची पट्टी थकायला तयार नव्हती म्हणून वाटले.

पट्टी सिलिकॉन रबराची, आत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मळलेल्या. नळ्या एकमेकींना टेकल्या की वीज वाहते. रबर ताणलं की काही सुटतात आणि विजेची वाट अवघड होते. छातीवर चिकटवली की ती प्रत्येक श्वासाला ताणली जाते, आणि श्वास किती खोल ते मोबाइलवर उमटतं. नाव श्वासपट्टी.

रिवाज असा, की एकाच लगद्यातून दोन पट्ट्या कापायच्या. एक माणसाच्या छातीवर, तिची जुळी ताणयंत्रावर. या खेपेचा माणूस म्हणजे पट्टी बनवणाऱ्या डॉ. मृण्मयी सालपेकर यांचे वडील, अण्णा. फुप्फुसं जुनी दुखणाईत. श्वास उथळ झाला तर तडक इस्पितळ, असं डॉक्टरांनी बजावलेलं. अण्णा हल्ली फोनवर कुरकुरत, जिना चढवत नाही. मृण्मयी मोबाइल पाहून सांगे, श्वास अगदी पूर्वीसारखा आहे. अण्णांनी जन्मभर विज्ञान शिकवलेलं. म्हणत, पट्टी म्हणते तर बराच असेन.

"जुळी एवढी ओढली, तरी तशीच," विभागप्रमुख हरकरे पेढा चघळत म्हणाले. "मळणं साधलं हो तुम्हाला."

"आधीच्या सगळ्या थकायच्या, सर. नळ्या विस्कटायच्या, संकेत दुबळा व्हायचा."

"म्हणून तर दुरुस्ती घातली. संकेत एकदम घटला तर दोष माणसाचा, घंटा वाजते. हळूहळू घटला तर दोष रबराचा, मोबाइलमधली आज्ञावली तो वाढवून पहिल्याइतका दाखवते."

"अण्णांच्या पट्टीला ती याही खेपेला चालूच आहे."

"असू द्या की. रबर थकलंच नाही, तर ती वाढवणार काय?"

मृण्मयीचा पेढा हातातच राहिला. तिने अण्णांच्या पट्टीची नोंद उघडली आणि दुरुस्ती बंद केली. पडद्यावर बोटभर उंच लाटा होत्या, तिथे नुसते ओरखडे उरले.

हरकरे वाकून बघत म्हणाले, "पण रबर तर थकलेलंच नाही. म्हणजे घटलाय तो श्वास."

तिने आधी रुग्णवाहिका बोलावली, मग घरी फोन लावला.

"अण्णा, दम लागतोय का हो?"

पलीकडे काही वेळ नुसतीच घरघर.

"का गं," अण्णा म्हणाले. थांबले. पुन्हा हवा गोळा केली. "पट्टी बिघडली का?"