झोपेचा दुसरा फेरा

ही गोष्ट मनानं रचलेली नाही. रंगुबाई माझी मावसबहीण. तिनं ती माझ्या चुलीपुढं बसून सांगितली.

१९९६ सालचा माघ. मंगळवारची भर दुपार. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याची चाळ.

तिचा नवरा नानासो रातपाळी करून दिवसा झोपायचा. दिवाळीपासून तो झोपेत गुदमरून उठत होता. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं, "झोप फेऱ्यांनी येते. आधी वरवरची, मग गाढ, मग स्वप्नाची. दीडेक तासात एक फेरा संपतो, की दुसरा सुरू. ते नेमके कधी गुदमरतात, ते घड्याळ लावून बघा."

म्हणून ती उशाशी बसली.

शेजारची बनुबाई दारातून हसली. "नवऱ्याच्या झोपंची राखण व्हय गं? माझा निजला की मी देवाला नारळ फोडती!"

रंगुबाईही हसली. हा माणूस जगावा, एवढंच तिचं मागणं होतं.

बारा वाजता त्याचा डोळा लागला. आधी पाय झटकले. मग श्वास संथ झाला. हलवलं तरी हलेना.

सव्वा वाजता मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली...

"व्हय," तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नव्हतं.

"न्हाई... मला न्हाई..."

तो गुदमरला. कूस बदलली. पुन्हा श्वास संथ.

पावणेतीनला बुबुळं परत फिरली...

आणि कारखान्याची घरघर थांबली.

ऐन हंगामात ती कधी थांबत नाही. कावळे, पोरं, नळावरच्या बायका... सगळं गप्प.

"माझ्या बदली?" नानासो म्हणाला. जागा माणूस बोलतो तसा, स्पष्ट.

"हाय की. रंगुबाई."

एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेतच नाहीत. 'अगं' म्हणायचा, नाहीतर थोरल्या पोरीच्या नावानं हाक मारायचा.

बाजेची दुसरी कड कुरकुरली... कुणीतरी उठावं तशी.

"रंगुबाई..."

आवाज नानासोचाच.

"ओ," ती बोलून गेली.

मग तिनं बघितलं.

नानासोचे ओठ मिटलेले होते.

घरघर पुन्हा सुरू झाली. त्यानंतर तो एकदाही गुदमरला नाही. पाचला उठून चहा मागितला.

"लय झ्याक झोप लागली बघ."

"झोपंत कुणासंगं बोलत हुतासा?"

तो बशीतला चहा फुंकत राहिला.

तिनं पिशवी भरली. "मी खंडाळ्याला जाती. भावाकडं."

तो रागावला नाही. अडवलंही नाही. तिच्याकडं न बघता हळूच म्हणाला, "जा की. पण... त्यानं तुझ्या माहेरचं गावबी इचारलंय. मी सांगितलंय."

रंगुबाई खंडाळ्याला गेली नाही.

ती कुठं गेली, ते मला ठाऊक आहे. इथं लिहिणार नाही.

अलीकडं मी दार लावून एकटीच झोपते. झोपेत मी कुणाला तरी उत्तरं देते, असं घरचे दाराबाहेरून ऐकून सांगतात.